निळ्या रंगाखालचे बोल्ट

रेमेदियोस कातिंदिगने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पण आत पाऊल टाकायला तिला बराच वेळ लागला.

"आधी पाणी घ्या," अंपारो वेलास्को म्हणाली. "मग बोला."

अंपारोने तीस वर्षं कोर्टात बसून लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस कुठे श्वास घेतो, हे तिला ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. निवृत्त झाल्यावर ती खासगी तपास करू लागली. बानाहाव डोंगराच्या पायथ्याची गावं हरवलेल्या वस्तूपासून हरवलेल्या नवऱ्यापर्यंत सगळं तिच्याकडे घेऊन येत. सोबतीला तिचा चुलतभाऊ तेबान असे, निवृत्त पोलीस हवालदार. तेबान तपासाला निघण्याआधीच चोर सांगून टाकी, आणि बहुतेक वेळा तो चुकलेला असे.

मेदीने, म्हणजे रेमेदियोसने, मान खाली घालून सांगितलं ते असं. तिचे वडील इस्को यांच्याकडे युद्धाच्या काळातली एक जीप होती. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गावातल्या मरियामाउलीची मूर्ती त्या जीपमधून डोंगरावरच्या देवळात जाई. एकतीस वर्षं हा मान त्यांच्या घरात होता. गेल्या वर्षी मात्र चढणीवर लो गिअर सारखा सुटू लागला. चारही चाकांना ताकद वाटून देणारा जो लोखंडी डबा जीपच्या पोटाखाली असतो, त्यातला शाफ्ट झिजला होता.

तसला शाफ्ट आता कुणी बनवत नाही. घरातल्यांनी आठ महिने फोन फिरवले. एक बंदराजवळच्या भंगारवाल्याकडे मिळाला आणि उपासाच्या दिवसांत कपाटातून नाहीसा झाला. कुठेतरी ठेवला गेला असेल, असं सगळ्यांना वाटलं. दुसरा सेबू बेटावरून बोटीने आला. मंगळवारी सकाळी मेदीने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. तीन वाजता कपाट उघडलं तर तो नव्हता.

"आणि मग?"

"मग मी काल नार्दोची पिशवी उलटी केली, ताई. आमचा मेकॅनिक. मंगळवारी शेडकडे तोच येऊन गेला होता. भर रस्त्यात. सगळे बघत होते."

"काय निघालं?"

"नट आवळायचे पाने निघाले. त्याचेच. तो एकेक उचलून भरत होता आणि मी तिथेच उभी होते." मेदीने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आता त्याला कुणी काम देत नाहीये. बापावर गेलाय म्हणतात. मला एवढंच कळू दे, मी बरोबर होते की नाही. नसेन, तर मला त्याच रस्त्याने परत जायचंय."

"तोरिबियोचा मुलगा ना तो?" तेबान म्हणाला. "मग तपास काय करायचा? एकतीस वर्षांपूर्वी हा मान तोरिबियोकडे होता. त्याचीही अशीच जीप. दारू पिऊन बसला गाडीवर. मोठ्या वळणावर जीप मागे आली, माउली खाली पडली, उजव्या हाताची दोन बोटं तुटली. अजून तशीच आहेत. पंचनामा माझ्याच हातचा."

"जीप का मागे आली, ते लिहिलं होतंस?"

"गिअरचे दात उडाले होते. वेळच्या वेळी तेल घातलेलं नव्हतं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"डबा ज्याने उघडला त्याने. इस्कोकाकांनी. तेव्हा गावात मेकॅनिक तेच एक होते."

अंपारो उठली आणि तिने छत्री घेतली.

---

जीप शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. दर वर्षी यात्रेआधी तिला माउलीचा निळा रंग देत. इस्को बाहेर वेताच्या खुर्चीत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. मेदीने दिलेली कॉफी त्यांनी उचलली आणि अर्धी बशीत सांडली.

"हात राहिले नाहीत आता," ते म्हणाले. "पाना धरवत नाही."

मंगळवारी दुपारी ते याच खुर्चीत डुलक्या घेत होते. कोणी आलं होतं का, असं विचारल्यावर ते जरा थांबले. नार्दो शेडकडे येऊन गेला, एवढंच म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत राहिले.

शेडमधलं कपाट फोडलेलं नव्हतं. किल्ली घरातल्या माउलीच्या कोनाड्यात, मूर्तीमागे खिळ्याला असे, आणि आताही तिथेच होती. कपाटात खोक्यातला कोरा कार्ब्युरेटर होता, ब्रेकचा सिलिंडर होता, हेडलाइटच्या दोन काचा होत्या.

"यातलं सगळ्यात सहज काय विकलं जाईल?" अंपारोने विचारलं.

कार्ब्युरेटर, मेदी म्हणाली. तो चार प्रकारच्या गाड्यांना बसतो. शाफ्ट मात्र या जीपशिवाय कशालाच बसत नाही, आणि अशी दुसरी चालती जीप पंचक्रोशीत उरलेली नाही.

अंपारोने तेबानला जीपखाली जायला सांगितलं. तो कुरकुरत, पोट सांभाळत आडवा झाला. इंजिनाचे बोल्ट कसे आहेत, असं तिने वरून विचारलं. रंग उडालेले, पान्याच्या खुणा असलेले, तो म्हणाला. गिअरबॉक्सचे? तसेच. मागच्या धुऱ्याचेही तसेच.

"आणि त्या डब्याच्या तळाचे?"

खालून खरवडल्याचा आवाज आला.

"यांना पाना लागलेलाच नाही, ताई. रंगावर रंग बसलाय. नखाने खरवडलं तर खाली अजून निळाच. तेल घालायचं बूच तेवढं स्वच्छ आहे."

"बाबा त्या डब्याचं तेल स्वतःच बदलतात," मेदी म्हणाली. "बाकी सगळं नार्दो बघतो. तेवढं एक ते कुणाला करू देत नाहीत. गेल्या वर्षीही जीपखाली सरपटत गेले होते. ओढून काढावं लागलं."

---

इस्कोंचा पुतण्या रुबेन बाजारात भेटला. जीप विकावी असं त्याने उघडपणे सांगितलं. राजधानीतला एक शौकीन मागे लागला होता.

"पण त्याला चालती जीप हवीय," रुबेन म्हणाला. "मग शाफ्ट मी कशाला चोरू? दोन्ही शाफ्ट मीच शोधून आणलेत. फोन करून करून कान दुखले. आणि काका काय म्हणाले माहितीये? सुटा शाफ्ट कशाला आणतोस, अख्खा डबाच मिळतो का बघ. जुना न उघडता तसाच पुरून टाकू म्हणे. लोखंड कधी कुणी पुरतं का?"

वाडीची प्रमुख सालुदबाई हिच्याकडे नवी कोरी पिकअप होती आणि मान आपल्याकडे यावा अशी तिची उघड इच्छा होती. पण मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती चर्चमध्ये चाळीस बायकांबरोबर फुलांच्या माळा करत होती. कातिंदिगांच्या घरात किल्ली कुठे असते हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्या घरात मी पाय ठेवत नाही, असंही तिने ठासून सांगितलं.

नार्दो स्वतःच्या घरामागे हत्यारं पुसत बसला होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. मंगळवारी तो जॅक न्यायला शेडमध्ये गेला होता. कपाटाला त्याने हात लावला नव्हता आणि किल्ली कुठे असते हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

अंपारोने एक पाना उचलला. दांड्यावर टोकदार पंचने ठोकलेले पाच ठिपके होते, क्रूसाच्या आकारात.

"बाबांची खूण," नार्दो म्हणाला. "हत्यारांवर ठोकायचे. आणि स्वतःच्या जीपमध्ये जो भाग बसवतील, त्यावरही."

"त्यांची जीप कुठे गेली?"

"भंगारात. त्या दिवसानंतर त्यांनी तिला हात लावला नाही. आदल्या दिवशीच तर इस्कोकाकांकडे दिली होती, तेल बदलायला. काका म्हणाले, तेल घालून काय उपयोग, आतले दात आधीच गेलेले होते. बाबांनी मरेपर्यंत ऐकून घेतलं."

"प्यायले होते ते," तेबान पुटपुटला. "मला वास आला होता."

नार्दोने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"मी मागे बसलो होतो, फुलं धरून. नऊ वर्षांचा. बाबांनी त्या आठवड्यात उपास धरला होता, पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पडल्यावर ते बेशुद्ध झाले. शुद्धीवर यावेत म्हणून कुणीतरी तोंडात दारू ओतली. त्यानंतर तुम्ही आलात."

तेबानने टोपी काढली. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

परतताना वाटभर तेबानने टोपी हातातच धरली होती.

---

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी अंपारोने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मेदी, रुबेन आणि इस्को. नार्दो यायला तयार नव्हता. त्याला तेबान घेऊन आला. काय सांगून आणलं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

"चोराला शाफ्ट विकायचा नव्हता," अंपारो हळू आवाजात म्हणाली. "तसं असतं तर कार्ब्युरेटर गेला असता. मान काढून घ्यायचा असता तर सालुदबाईंचं नाव आलं असतं, पण त्यांना किल्ली माहीत नाही. रुबेनला चालती जीप विकायचीय, शाफ्ट गेला तर त्याचंच नुकसान. नार्दोला किल्ली माहीत नाही, आणि जीप दुरुस्त झाली तर त्याचंच नाव होणार."

"मग कुणी?" रुबेन म्हणाला.

"शाफ्ट आला की काय होणार, याचा विचार केला. शाफ्ट बसवायचा तर डब्याचा तळ उघडावा लागतो. कार्ब्युरेटर बसवायला लागत नाही, ब्रेकला लागत नाही. दोन्ही वेळा नेमका तोच भाग गेला, ज्याच्यासाठी हा डबा उघडावा लागेल. चोराला शाफ्ट नकोच होता. त्याला हा डबा बंद राहायला हवा होता."



"ही जीप सगळीकडून खोलून जोडलेली आहे. या डब्याच्या बोल्टवर मात्र वर्षानुवर्षांचा रंग आहे. नवा आणून जुना न उघडता पुरायचा, असंही कुणीतरी म्हणालं होतं. मग मी विचार केला, हा डबा शेवटी कधी उघडला असेल. आणि त्या वर्षी अजून कुठला डबा उघडला होता, कुणी, आणि आत काय दिसलं म्हणून सांगितलं." तिने इस्कोंकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. "काका, पुढचं मी बोलू नये. ते तुमचं आहे."

मेदी वडिलांच्या खुर्चीपासून एक पाऊल मागे सरकली. तिच्याही नकळत.

इस्कोंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"माझ्या गिअरचे दोन दात उडाले होते," ते म्हणाले. "त्या वर्षीही सुटा भाग कुठे मिळत नव्हता. जीप बंद तर घर बंद. तोरिबियोने तेल बदलायला गाडी दिली. त्याचा गिअर नवा होता. मी अदलाबदल केली. म्हटलं, एक चढण तर निघेल, मग त्याला दुसरा आणून देईन. निघाली नाही." त्यांनी जीपकडे पाहिलं. "माउली पडली. लोक तोरिबियोला बोलायला लागले. तेबान वही घेऊन आला, आणि मी बोललो. एकदा बोललो ते बोललो. मग नवस केला, जिवंत असेपर्यंत मीच माउलीला वर नेईन. लोक म्हणाले, केवढी भक्ती."

"खूण घासून टाकता आली असती," रुबेन कसाबसा म्हणाला.

"दोनदा कानस घेतली. क्रूस आहे तो. हात चालला नाही. आता तर गिअर उतरवायचीही ताकद नाही."

"आणि काल?" मेदीने विचारलं. "काल मी त्याची पिशवी उलटी करत होते तेव्हा तुम्ही खुर्चीतच होतात, बाबा. बघत होतात."

"हो."

त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही. दोन्ही शाफ्ट माउलीच्या कोनाड्याखालच्या खणात, उरलेल्या मेणबत्त्यांत होते. फेकून द्यावेत असं त्यांच्या मनात आलं होतं, पण पोरांनी आठ महिने शोधले होते.

नार्दो जीपखाली शिरला. रंग तडकल्याचा आवाज आला, एकामागून एक. काळं तेल परातीत पडलं. मग त्याने सदरा काढला आणि आत काहीतरी पुसू लागला. बराच वेळ पुसत होता.

"पाच ठिपके आहेत," तो खालूनच म्हणाला.

तेबान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"गिअर बदलायचा का?" मेदीने अखेर विचारलं. दुसरं काही विचारायचं धैर्य तिला झालं नाही.

"कशाला? गिअर उत्तम आहे. शाफ्ट तेवढा द्या."

---

शनिवारी सकाळी मेदी नार्दोच्या घरी गेली आणि त्याची हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन निघाली. त्याच रस्त्याने, त्याच दारांवरून. पिशवी जड होती. कुणी विचारलं तर ती थांबे आणि सगळं सांगे, वडिलांचं आणि स्वतःचंही, आणि मग पुढे चालू लागे. चर्चला पोचायला तिला तासभर लागला.

तेबानने पाद्रीबाबांकडे एक कागद दिला. चढणीआधी ज्याचा मान त्याचं नाव पुकारायची रीत आहे. पाद्रीबाबांनी तोरिबियोचं नाव वाचलं. मग कागदावरच्या पुढच्या चार ओळीही वाचल्या. शेवटची ओळ अशी होती: मी न विचारता लिहिलं. खाली तेबानची सही होती.

इस्को जीपमध्ये बसले नाहीत. ते मागून अनवाणी चालले. रुबेनने त्यांचा हात धरला. मेदीने धरला नाही, पण ती त्यांच्यापुढेही गेली नाही.

मोठ्या वळणावर, जिथे चढ सगळ्यात उभा आहे, नार्दोने जीप थांबवली. लो गिअर तसाच ठेवून त्याने इंजिन बंद केलं. गाणी थांबली. मागचे लोक घाबरून बाजूला झाले. इस्को मात्र रस्त्याच्या मधोमध, मागच्या चाकांच्या रेषेतच उभे राहिले.

नार्दोने हँडब्रेक सोडला. मग ब्रेकवरचा पाय काढला. आता जीपला धरून होता तो फक्त तोरिबियोचा गिअर.

जीप जराशी करकरली आणि उभी राहिली. फुलांमधून माउलीचा दोन बोटं नसलेला हात दिसत होता. नार्दो पाठीमागे न बघता तसाच बसून राहिला. एक मिनिट झालं असेल, कदाचित जास्त. जीप तसूभरही मागे आली नाही.