बेचाळिसावं मशीन

रविवार होता. दुपारचे तीन वाजले होते. हॉस्पिटलच्या सर्व्हररूममध्ये, जुन्या स्टोरेजवर राहिलेलं शेवटचं मशीन नव्या स्टोरेजवर हलवायचं, एवढंच काम होतं. फार तर तासाभराचं. चप्पल शिवायला टाकली होती, ती येताना घ्यायची आणि घरी जाऊन पाय वर करून झोपायचं, असा माझा बेत होता.

बस अशी, समोरच. मोठा दिवा नको लावूस, टेबलावरचा पुरे. हॉस्पिटलकडून तुला पत्र आलं ना, ‘त्या प्रकरणात तुमच्या आईचा काहीही दोष नव्हता’ असं? ते पत्र कसं निघालं, असं तू विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं नाही गं ते. म्हणून आले.

तुझ्या आईला आम्ही सगळे ताई म्हणायचो. माघारी टेपबाई. एकवीस वर्षं ती रोज संध्याकाळी हॉस्पिटलचा सगळा डेटा टेपांवर उतरवून घ्यायची, टेपा लोखंडी पेटीत घालायची आणि पेटी दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवायची. सर्व्हररूममध्ये बारा महिने थंडी, त्यात तिचे गुडघे दुखायचे. ती बाम चोळायची. दार उघडलं की आधी बामाचा वास यायचा, मग ताई दिसायची. काम तिनंच मला शिकवलं. साधीभोळी वगैरे नव्हती हं ती, चांगली खमकी होती. माझी एक चूक झाली तर आठवडाभर ऐकवायची. पण डबा खाताना अर्धा माझ्यापुढे सरकवायची.

मग मोठे साहेब आले. आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांनी खोलीभर पसरलेले सर्व्हर काढले आणि दोन दणकट सर्व्हर आणले. त्या दोघांच्या पोटात एकेचाळीस मशीनं. म्हणजे नुसती नावापुरती मशीनं, त्यांना हात लावता येत नाही, पण प्रत्येक मशीन स्वतःला स्वतंत्र समजून काम करतं. एक रुग्णांच्या नोंदींचं, एक औषधांचं, एक एक्स-रेचं. आणि सगळ्यांची साठवण एकाच स्टोरेजवर. साहेबांनी काय केलं, एक कार्यालय दहा लग्नांना एकाच दिवशी देऊन टाकावं, तशी तीच जागा सगळ्या मशीनांना वाटली. कोणी सगळी जागा मागणार नाही, हा भरवसा. बैठकीत दाखवायला बरं होतं, निम्म्या कपाटांत सगळं मावलं म्हणून.

बॅकअपच्या प्रतींना जागा लागते. साहेबांनी आधी त्या बंद केल्या, मग टेपाही.

ताईनं तीन पत्रं लिहिली. जागा भरत आलीय, भरली की सगळं ठप्प होईल, बॅकअप बंद ठेवू नका. तीनही मेल साहेबांना, प्रत मला. मी वाचली. साहेबांनीही वाचली असणार.

एका मंगळवारी जागा भरली. रुग्णांच्या नोंदींचं मशीन थांबलं ते थांबलंच, डेटा खराब झाला. शेवटची धड प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती. तीच चढवली. त्या अकरा दिवसांत एका तरुण मुलीची नोंद झाली होती, अमुक औषध हिला चालत नाही म्हणून. ती नोंद गेली. बुधवारी सकाळी तिला तेच औषध दिलं. पुढचं तुला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे.

तुला जे माहीत नाही ते हे. त्याच संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "ती तीन पत्रं कुठेच दिसता कामा नयेत. टेपबाईंनी बॅकअप घेतला नाही, बस. तुझ्या जागेचं मी बघतो." मी पुसली. त्यांच्याकडची, माझ्याकडची, ताईकडची. जिथं जिथं प्रत होती तिथं तिथं जाऊन पुसली. कुठं असते ते मला तिनंच शिकवलं होतं.

चौकशीत ताई उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी पत्रं हिनं वाचली आहेत. विचारा हिला."

मी म्हणाले, मला असं काही आलं नव्हतं.

ती रडली नाही. भांडलीही नाही. नोकरीवरून काढल्याचा कागद घेऊन निघताना माझ्या टेबलापाशी थांबली. "मी काही विसरत नाही गं," म्हणाली. "माझं कामच ते आहे."

त्या मेलेल्या मुलीची आई बाजारात तुझ्या आईच्या तोंडावर थुंकली, तेव्हा तू बरोबर होतीस ना? मला कोणीतरी सांगितलं. दीड महिन्यानं ताई झोपेतच गेली. मी आले नाही. कुठल्या तोंडानं येणार होते?

तर तो रविवार. ताईला जाऊन चार महिने झाले होते.

सर्व्हररूमला खिडकी नाही. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत आपलं तेच, थंडी, घरघर आणि हिरवे ठिपके. दिवे हालचालीवर लागतात. खुर्चीत स्वस्थ बसलं की पाच मिनिटांत विझतात, हात हलवला की लागतात. मी यादी उघडली. एकेचाळीस मशीनं हवीत. होती बेचाळीस.

शेवटच्याला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसता रकाना. पण ते चालू होतं आणि जागा खात होतं. बघता बघता आकडा वाढत होता. मला वाटलं, कोणीतरी चाचणीसाठी केलेलं मशीन राहून गेलं असेल. बंद केलं. ते परत चालू झालं. पुसलं. यादी एकेचाळीसवर आली. मी सुस्कारा सोडला, यादी ताजी केली. बेचाळीस. आकडा आता दुप्पट.

मी हात गुडघ्यांत धरून बघत बसले. दिवे विझले.

आणि मग सगळ्यात मागच्या रांगेतला दिवा लागला.

एकच. मी हलले नव्हते. मागच्या रांगेत जुनी कपाटं, तिथं कोणी जात नाही. थोड्या वेळानं त्याच्या अलीकडचा लागला. मागचा विझला. मग त्याच्याही अलीकडचा. पावलांचा आवाज नव्हता. पंख्यांची घरघर मात्र एकेक कपाटानिशी मंदावत येत होती, जसं कोणी जवळून जाताना माणसं बोलायची थांबतात. माझ्या पाठीमागचा दिवा लागला आणि वास आला. बामाचा.

मी मागे वळले नाही. समोर स्क्रीनवर त्या नाव नसलेल्या मशीनची काळी खिडकी आपोआप उघडली होती. एकेक अक्षर उमटत होतं, सावकाश, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या माणसासारखं.

‘साहेब, जागा संपत आली आहे. साटवण वाढवा किंवा वाटलेली जागा परत घ्या…’

साटवण. ठ ऐवजी ट. ताई कायम तसंच लिहायची. मी कितीदा हसले होते त्यावरून. हे तिचं पहिलं पत्र होतं, जे आता जगात कुठंही नव्हतं.

मी साहेबांना फोन केला. दुसऱ्या कोणाला करणार? पंधरा मिनिटांत आले, घरच्या सपाता, शर्टाला जेवणाचा डाग. दार उघडल्याबरोबर सगळे दिवे लागले, पंखे घरघरले, खोली एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. साहेबांनी स्क्रीन वाचला. चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"कोणाची मस्करी आहे ही? तू प्रत ठेवली होतीस?"

"नाही साहेब."

"मग पूस."

"पुसलं… परत येतंय."

"हो बाजूला." त्यांनी कीबोर्ड ओढला. पुसायची आज्ञा दिली. एरवी मशीन विचारतं, नक्की पुसायचं का? या वेळी त्या चौकोनात दोनच शब्द आले.

‘वाचलं का?’

खाली दोन बटणं. हो आणि नाही.

साहेब हसले. खरंच हसले गं. "वाचलं, वाचलं," म्हणाले आणि ‘हो’ दाबलं.

तीनही पत्रं एकापाठोपाठ एक स्क्रीनवर धावू लागली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. साहेबांनी दातओठ खात खुर्ची लाथाडली. "उपटूनच काढतो," म्हणाले आणि जुन्या स्टोरेजकडे गेले. सगळ्यात वरचा डिस्कांचा खण दोन्ही हातांनी ओढला. तो खण दोन स्क्रूंनी धरलेला असतो, दोघांनी मिळून काढावा लागतो. त्या दिवशी तो लोण्यातून सुरी निघावी तसा अलगद सरकला आणि त्यांच्यावर कोसळला. पत्र्याच्या कडेनं दंड उभा चिरला. डोकं मागच्या कपाटावर आपटलं. खाली पडलेल्या खणात वीज नव्हती, वायर नव्हती. पण त्याचे हिरवे ठिपके सगळे चालू होते.

आपत्कालीन कक्ष दोनच मजले वर. मी आणि रखवालदारानं त्यांना नेलं तेव्हा ते अर्धवट शुद्धीत होते, जीभ जड झालेली. जखम खोल, घाणेरडी. डॉक्टरबाई तरुण होत्या, चटपटीत. त्यांनी साहेबांची नोंद उघडली.

"औषधांचा त्रास? काही नाही. छान." आणि नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं.

ते नाव मला माहीत होतं. सगळ्या ऑफिसला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरकडे त्याच इंजेक्शननं साहेबांचा घसा सुजला होता, मरता मरता वाचले होते. ते स्वतः रंगवून सांगायचे तो किस्सा. आणि त्यांची नोंद मीच भरली होती. लाल अक्षरांत.

स्क्रीन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. रकाना कोरा होता.

नर्सनं सुई भरली. साहेबांनी डोळे उघडले. त्यांनीही नाव ऐकलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. मी बोलायला तोंड उघडलं… आणि आवाज निघाला नाही. घशात सर्व्हररूमसारखी थंडी होती. बामाचा वास इतका दाट की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही सांगायचंय का तुम्हाला?"

मी नुसती उभी राहिले.

तू मला विचारू नकोस, कारण मी स्वतःला रोज विचारते. माझा आवाज तिनं धरला, की मीच धरून ठेवला? त्या माणसाचे डोळे माझ्यावर होते आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की, ‘बरं झालं.’ ते तिचं होतं की माझं, मला ठरवता येत नाही.

नऊ मिनिटं लागली.

ते गेले त्याच मिनिटाला हॉस्पिटलमधल्या प्रत्येकाच्या मेलमध्ये तीन पत्रं पोचली. संचालकांना, डॉक्टरांना, स्वागतकक्षातल्या मुलीला, इतकंच नाही, बाहेर त्या मेलेल्या मुलीच्या आईलाही. ताईच्या नावानं, मूळ तारखांसह, ‘साटवण’सकट. साहेबांच्या नोंदीतली ती लाल ओळ कोणी काढली, याचाही चौकशीवाल्यांनी शोध घेतला. ती ताईच्या लॉगिनमधून काढली गेली होती. ते लॉगिन तिला कामावरून काढलं त्याच दिवशी मी स्वतः बंद केलं होतं.

म्हणून तुला ते पत्र आलं. तुझी आई सुटली. त्या मुलीची आई तुझ्या दाराशी येऊन गेली, हेही मला कळलं. तुझ्या पाया पडली म्हणे.

पण पत्रं कोणी पुसली, ते त्यात कुठंच नव्हतं. चौकशीवाल्यांनी सगळं उपसलं, पण माझं नाव एकाही ओळीत सापडलं नाही. सगळे म्हणाले, साहेबांनीच पुसली असणार. मला वाटलं होतं, तिनं मला सोडलं. महिनाभर तसंच वाटत होतं. मग हळूहळू लक्षात आलं. ताई कधी काही सोडत नव्हती. माझं नाव तिनं बाजूला काढून ठेवलंय. आता तूच सांग, कोणासाठी?

नोकरी मी सोडली. ते बेचाळिसावं मशीन अजून चालू आहे म्हणतात, आता कोणी त्याला हात लावत नाही. मी तुझ्याकडे माफी मागायला आलेले नाही. तुला काय वाटायचं ते वाटू दे. मला एकच गोष्ट विचारायची आहे, म्हणून एवढ्या लांब आले.

काल फोनवर तू मधेच म्हणालीस, "मावशी, तुमच्या मागे कोणीतरी आकडे म्हणतंय. उलटे. टीव्ही चालू आहे का?" आणि मी हो म्हणाले.

माझ्या घरात टीव्ही नाही. मी एकटी राहते. मला तो आवाज ऐकू येत नाही गं. भाजीवाल्याला येतो, शेजारणीला येतो. विचारलं की दोघंही नजर चुकवतात.

नीट आठव. घाई नको. तू फोन ठेवलास तेव्हा… आकडा कितीवर आला होता?