शनिवारची बट्टी

"ती बट्टी इकडे द्या!"

वानरापुढे केलेला माझा हात थबकला. मागे एक उंच तरुण... अन् त्याच्या हातातल्या बाटलीत—शी! वानराची लेंडी!

सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव, टेकडीवर मारुती. माझं लग्न ठरेपर्यंत दर शनिवारी वानरांना तुपात घोळलेला कणकेचा गोळा, म्हणजे बट्टी, असा आईचा नवस. नवस तिचा, टेकडी चढायची मात्र मी!

"मी सुयश. देवपूरहून आलोय, जनावरांचा डॉक्टर," तो म्हणाला. "ही पाल्यावर जगणारी वानरं. तुपा-कणकेनं पोटं बिघडलीत त्यांची. तिच्याकडे बघा."

ती माझी लाडकी कानतुटी. पहिली बट्टी नेहमी तिचीच. आज नीट पाहिलं... शेपटीखाली घाण, दात किडलेले, छातीला बिलगलेलं पिल्लू नुसती काडी. मला भरून आलं.

"पण मग माझं लग्न...?" तोंडून निघूनच गेलं.

"माझ्यामुळे अडलं, तर भरपाई देईन," तो हसला.

"कसली?"

"ते तेव्हा सांगेन."

माझे कान तापले. घरी आई भडकली, "आते तुनं लगीन कसं जमी?"

"नाही जमलं तरी चालेल. कानतुटीला आजारी पाडून मला नवरा नको," मी म्हटलं. आईनं तुपाचा डबा फडताळात ठेवून दिला.

मग दर शनिवारी मी रिकाम्या हातानं टेकडी चढायची आणि तो मोटारसायकलवरून यायचा, लेंड्या तपासायला न्यायच्या बाटल्या घेऊन. आधी वानरांनी माझी ओढणी ओढली, दात विचकले. हळूहळू ती अंजनाच्या झाडांच्या पाल्याकडे वळली.

"आजची लेंडी बघा, किती छान!" तो लहान मुलासारखा खूश.

"मुलीशी असं बोलतात का?" मी डोळे वटारले.

त्यानं माझ्या वेणीवरची मुंगी अलगद टिपली, आणि बाटलीला बूच लावायचंच विसरला...

एका शनिवारी टेकडी रिकामी. वानरं पलीकडच्या रानात गेली होती.

"जमलं! माझं काम संपलं," तो म्हणाला.

"हो... छान झालं," मी म्हटलं. जाऊ नका, एवढं काही म्हणता आलं नाही.

त्यानंतरचे शनिवार फार मोठे झाले. मोटारसायकल वाजली की मी दारात. एकदा लांबून कानतुटी दिसली, पिल्लू चांगलं गुबगुबीत. मला आनंद झाला, आणि रडूही आलं.

शेवटी एका शनिवारी मी फडक्यात बट्टी बांधलीच. वानरं परत आली, आजारी पडली, तर तोही येईल... वर पोचले. कानतुटी खरंच समोरच्या फांदीवर येऊन बसली, ओळखीनं बघत. माझ्याच्यानं गाठ सुटेना. मी पाठ फिरवली आणि तरातरा उतरू लागले.

पायऱ्यांवर तो. ना पिशवी, ना बाटली.

"वानरं आता बरी आहेत," मी कशीबशी म्हणाले.

"माहितीये. भरपाईचं राहिलं होतं." त्याची नजर फडक्यावर गेली. चेहरा उतरला. "हे काय, हेमलता?"

"बट्टी. दिली नाही कुणाला."

"मग आणली कशाला?"

"तुम्ही यावं म्हणून!" मी रडतच ओरडले.

त्यानं फडकं माझ्या हातातून घेतलं. मग त्यानं गाठ सोडली, बट्टीचे दोन तुकडे केले, एक माझ्या हातावर ठेवला.

"मनाई वानरांना होती," तो हळूच म्हणाला. "मला नाही."

मी त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला.

"कोरडीच खाणार? घरी चला... आईनं वरण टाकलंय."