त्यांच्या आधीचं व्हर्जन

ही गोष्ट मी रचलेली नाही. मी स्वतः त्या खोलीत होते. दुकान अजून चालू आहे, म्हणून नावगाव सांगत नाही, एवढंच.

भुतंखेतं रात्री येतात म्हणे. हे घडलं रविवारी, भर दुपारी, पंखा चालू असताना.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय. विचित्र काही दिसलं की आधी वायर तपासते, मग देवाचं नाव घेते.

त्या दिवशी मी सगळ्या वायरी तपासल्या होत्या...

दादाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शाळांचे बिल्ले, गणवेशावरची नावं, टॉवेलवरची अक्षरं, असं भरतकाम तो मशीनवर करून देतो. मशीन कपाटाएवढं आहे आणि ते एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. त्या कॉम्प्युटरनं आदल्या रात्री आपणहून नवं व्हर्जन चढवून घेतलं होतं. सकाळी तो मशीनला ओळखेचना. सोमवारी एका शाळेची ऑर्डर द्यायची होती.

"शास्त्रज्ञ बाई, या आता," दादाचा फोन आला. "तुमच्या विज्ञानाचा घरच्यांना काही उपयोग होऊ द्या."

इलाज साधा होता. डिस्क कोरी करायची आणि जुनं व्हर्जन परत टाकायचं. दादा दोरे आणायला बाहेर पडला. जाताना एवढंच म्हणाला, की तिच्या डिझाइन्सची कॉपी आधी काढून ठेव.

तिच्या, म्हणजे मोठ्या वहिनीच्या.

दादाची ही पहिली बायको तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. दुकानातली एकूण एक डिझाइन तिनं बसून केलेली. बोलायला लागली की उलगडतच जायची, म्हणून दादा तिला 'रीळ' म्हणायचा. त्या नावानं फक्त दादाच हाक मारायचा.

नव्या वहिनीला या घरात येऊन वर्ष झालं होतं. वर्षभर ती एकच ऐकत होती. गिऱ्हाईक बिल्ला उलटसुलट करून पाहायचं आणि म्हणायचं, आधीच्या बाईंच्या हाताला काय सफाई होती हो! कॉम्प्युटरचा पासवर्ड त्यांचाच होता. खुर्चीही त्यांच्याच उंचीला लावलेली. नवी वहिनी हे सगळं हसत हसत सांगायची. पण बसण्याआधी दर वेळी खुर्ची वर ओढून घ्यायची.

मी डिझाइन्स एका पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवला. माझ्या लॅपटॉपवर जुनं व्हर्जन उतरवलं, कंपनीच्याच साइटवरून. फाइलचा चेकसम जुळवून पाहिला. म्हणजे तिच्यातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

मग इन्स्टॉलर चढवायला दुसरा पेन ड्राइव्ह हवा होता. वहिनीनं ड्रॉवरमधून काढून दिला.

"हा रिकामाच आहे."

त्यावरचं सगळं पुसलं जाईल, असं स्क्रीननं बजावलं. मी हो म्हटलं. मग कॉम्प्युटरची डिस्क कोरी करायला घेतली. वहिनी माझ्या मागे उभी राहून बघत होती.

"सगळं जाईल ना, ताई?"

"सगळं."

"नीट जाईल ना?"

मी मागे वळून पाहिलं. तिची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

इन्स्टॉल होत आलं तेव्हा वापरणाऱ्याचं नाव विचारलं गेलं. वहिनी पुढे वाकली आणि एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं. अगदी सावकाश. दारावर पाटी ठोकावी तसं.

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला.

स्क्रीन काळी.

खोलीत पंख्याचा आवाज.

आणि मग...

स्स्स्स.

रिकामी खुर्ची आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू खाली गेली. बरोबर त्या जुन्या उंचीला येऊन थांबली.

खुर्चीच्या दांड्यात गॅस असतो, तो गळतो कधी कधी. मी वहिनीला तसं सांगितलंही.

स्क्रीन उजळली. लॉगिनला नाव आलं.

रीळ.

मी इंटरनेटची वायर काढली. डिस्क पुन्हा कोरी केली. पुन्हा इन्स्टॉल केलं. वहिनीनं पुन्हा स्वतःचं नाव टाइप केलं, या वेळी मोठ्यानं एकेक अक्षर म्हणत.

रीळ.

वहिनीनं जुना पासवर्ड टाकला. तो चालायला नको होता.

चालला.

डेस्कटॉपवर एकच फोल्डर होता. आत सगळ्या डिझाइन्स. मोठ्या वहिनीनं केलेल्या, एकूण एक.

"असं कसं होईल?" वहिनी पुटपुटली. "पेन ड्राइव्हवरच्या पण गेल्या होत्या ना... मी तोच दिला होता तुम्हाला."

मला क्षणभर कळलंच नाही. मग मी ड्रॉवर उघडला. आत राहिलेला पेन ड्राइव्ह कोरा होता. तिनं डिझाइन्सचाच माझ्या हातात ठेवला होता.

मी रागावणार होते. पण तिचा चेहरा बघून गप्प बसले.

"वर्षभर झालं, ताई. माझ्याच घरात मी पाहुण्यासारखी राहतेय." मग स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्याही आधीचं मिळतं का? त्या या घरात यायच्या आधीचं?"

मिळत होतं. मशीनच्या मूळ खोक्यात त्याची सीडी होती. मशीन दादानं पहिल्या लग्नाआधी घेतलेलं. त्या व्हर्जनवरही ते चाललं असतं.

खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं काय होतं ते.

मी सीडी घातली. या वेळी कसलाच आवाज आला नाही. खुर्ची हलली नाही. स्क्रीन उजळली आणि लॉगिनला नव्या वहिनीचं नाव आलं. फोल्डर गायब. मशीनही लगेच ओळखलं गेलं. वहिनीनं एका चिंधीवर स्वतःचं नाव भरून पाहिलं. टाका सुरेख पडला. तिनं खुर्ची हवी तेवढी वर घेतली आणि ऐसपैस बसली.

कोपऱ्यातली तारीख चुकलेली दिसली. बरीच वर्षं मागे गेली होती, दादाच्या पहिल्या लग्नाच्याही आधी. मी ती बदलायला गेले, तर वहिनीनं माझा हात धरला.

"राहू द्या. आता मीच पहिली."

आम्ही दोघी हसलो.

तेवढ्यात दादा आला. दोऱ्यांची पिशवी टेबलावर ठेवली. वहिनीकडे पाहिलं आणि जरा अवघडून उभा राहिला.

"नमस्कार," म्हणाला. "बसा, बसा. बिल्ले करायचेत का?"

दादाला थट्टेची सवय आहे. वहिनीनंही त्याच सुरात सांगितलं, की हो, शंभर बिल्ले हवेत, उद्याच.

त्यानं वही काढली आणि विचारलं, "नाव काय लिहू आपलं?"

वहिनीचं हसू थांबलं...

दादा माझ्याकडे वळला. "तू इकडे कशी गं? शाळा सुटली एवढ्यात?"

रविवार होता. आणि मला शाळा सोडून आठ वर्षं झाली होती.

मी त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. थट्टा करताना दादाची डावी भुवई उडते, लहानपणापासून.

ती उडत नव्हती.

वहिनी त्याच्याजवळ गेली. हात धरायला लागली तर तो सभ्यपणे मागे सरकला. परक्या बाईला वाट द्यावी तसा. मग आपलाच काही गैरसमज झाला असेल अशा चेहऱ्यानं बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.

वहिनी बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न पाहता बोलली.

"परत टाका, ताई."

"कुठलं?"

"त्यांचं."

मी पेन ड्राइव्ह लावला. नावाची चौकट आली तेव्हा वहिनीनं काहीच टाइप केलं नाही. नुसती बाजूला उभी राहिली.

स्क्रीन काळी झाली...

स्स्स्स.

लॉगिनला नाव आलं. वहिनी खाली गेलेल्या त्या खुर्चीत बसली. गुडघे टेबलाला लागत होते. तिनं पासवर्ड टाकला.

बाहेर पायरीवरून दादाचा आवाज आला. "अगं, चहा टाकतेस का? ऊन काय मरणाचं आहे!"

वहिनी तोंडावर पदर दाबून रडली. आनंदानं की कशानं, मला विचारवलं नाही. दादाला मधलं काही आठवत नव्हतं. बिल्ले मात्र सोमवारी वेळेवर गेले. गिऱ्हाईक खूश झालं. आधीच्या बाईंसारखीच सफाई आहे, म्हणालं.

मी यावर खूप विचार केलाय. खुर्चीचा गॅस, फाइलींचे उरलेले अंश, दादाला उन्हानं आलेली भोवळ. एकेक कारण सुटं घेतलं तर पटतं. सगळी एकत्र घेतली की पटत नाहीत.

नवी वहिनी आता रोज सकाळी त्या नावानं लॉगिन करते. खुर्चीला हात लावत नाही. अपडेट मी कायमचे बंद केलेत.

गेल्या आठवड्यात दादाला फोन केला होता. बोलून झाल्यावर तो म्हणाला, "थांब, रीळकडे देतो."

फोनवर नवी वहिनीच आली. मी हळू आवाजात विचारलं, दादा तुला काय म्हणाला ते ऐकलंस का?

"रोजच म्हणतात," ती म्हणाली. "हाक तर मला मारतात ना, ताई."

तिच्या मागे कुठेतरी... स्स्स्स.

"वहिनी, खुर्चीवर कोण बसलंय?"



"मी तर उभी आहे," ती म्हणाली.