क्लूनबेगच्या शेवटच्या घराला विस्तव

घरात भाड्याने पाहुणे ठेवणाऱ्या डिम्पना गॅव्हिनने न्याहारीच्या खोलीत ते चित्र टांगलं, तेव्हा तिच्या सासूने, म्हाताऱ्या हनोराने, आठवडाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

"भुकेने मेलेलं गाव, आणि त्याच्याखाली बसून पाहुणे अंडी-सॉसेज चापणार," ती म्हणाली. "छान शोभा आणलीस हो घराला."

"अमेरिकेचे पाहुणे हेच बघायला येतात, आई. मेंढरं काय, त्यांच्याकडेही आहेत."

चित्र कसलं, जुना फोटोच तो. जवळच्या वेस्टपोर्ट शहरातल्या दुकानदाराने मोठा करून काचेत बसवून दिलेला. समोरच्या डोंगरावरचं क्लूनबेग गाव, शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळानंतर ओस पडलेलं. छपरं बसलेली, भिंती तेवढ्या उभ्या. शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर एक लोखंडी पातेलं पडलेलं, तीन पायांपैकी एक मोडलेला. चित्र शेकोटीच्या वर चांगलं दिसत होतं, यात वाद नव्हता.

त्या शेवटच्या घराचं आणि गॅव्हिनांचं एक जुनं प्रकरण होतं. दुष्काळातल्या मे महिन्याच्या पहिल्या सकाळी तिथली बाई गॅव्हिनांच्या दारी विस्तव मागायला आली होती. चूल विझलेली, घरात तान्हं मूल. पण त्या सकाळी घरातून विस्तव बाहेर गेला की घराची बरकत त्याच्याबरोबर जाते, हे इकडे पोरासोरांनाही ठाऊक. या समजुतीला हसणारेसुद्धा त्या दिवशी शेजाऱ्याला काडी देत नाहीत. गॅव्हिनांनी तिला परत पाठवलं. मग कुणीतरी बघायला गेलं, तेव्हा मायलेकरं दोघंही गार पडली होती.

लग्न होऊन आल्यावर डिम्पनाने हे ऐकलं आणि तिला या घराची लाज वाटली. ती लाज कधी गेली नाही.

यंदा मे महिन्याची पहिली सकाळ धुक्यात उजाडली. घरात पाहुणे नव्हते. वरच्या खोलीत डिम्पनाची लेक ब्रोना झोपली होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरलेले. थंडी उतरत नव्हती म्हणून डिम्पनाने शेकोटीत टर्फच्या, दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, विटा रचल्या आणि निखारे फुलवले. टर्फचा तो मातकट, ओला धूर खोलीभर पसरला. नातवंडाच्या काळजीने रुसवा विसरून हनोराही आज तिथेच येऊन बसली होती.

दारावर थाप पडली. एकच, आणि तीही हलकी.

बाहेर अनवाणी बाई उभी होती. शाल भिजून अंगाला चिकटलेली. हातात लोखंडी पातेलं.

"एक निखारा द्या बाई... बाळ गारठलंय."

डिम्पनाची नजर पातेल्यावर गेली. एक पाय मोडलेला होता.

तिने मान वळवून चित्राकडे पाहिलं. शेवटच्या घराचा उंबरा रिकामा होता.

"कोण आहे गं?" हनोराने विचारलं.

"विस्तव मागतेय, आई."

म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. "देऊ नकोस. आज नको... वर पोर अवघडलीय."

"तेव्हाही हेच म्हणाले असतील."

"म्हणाले. आणि घर टिकलं. तू त्यामुळेच या घरात आहेस, पोरी."

डिम्पना शेकोटीपाशी गेली. भीती होतीच, पण त्याहून जास्त राग होता, इतक्या वर्षांचा. तिने चिमट्याने सगळ्यात लाल निखारा उचलला आणि पातेल्यात टाकला. बाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आशीर्वाद नव्हता, शापही नव्हता. ती धुक्यात निघून गेली.

दार लावून डिम्पना वळली तर शेकोटी काळी पडली होती. एकही ठिणगी नाही. आणि वरून ब्रोनाने हाक मारली, "आई, पाणमोट फुटली... लवकर ये."

मुलगी संध्याकाळी इस्पितळात झाली. गोरी, गुटगुटीत. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, हातपाय जरा गार लागतात एवढंच.

घरी आणल्यावरही ते गारच राहिले. लोकरीचे मोजे झाले, गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, ब्रोना तिला रात्रंदिवस छातीशी धरून बसली. पोर रडायचं थांबेना. शेकोटी पुन्हा पेटली नाही. कोरड्या टर्फवर काडी धरली तरी नुसता धूर.

"दे इकडे," एका दुपारी डिम्पना म्हणाली आणि नातीला घेऊन न्याहारीच्या खोलीत फेऱ्या मारू लागली. चित्रापाशी येताच पोर गप्प झाली.

शेवटच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. फोटोतला धूर, हलत नव्हता. डिम्पनाने काचेला हात लावला. गॅव्हिनांच्या गारठलेल्या घरात तेवढी जागा ऊबदार होती.

बाळाने दोन्ही तळवे तिथे टेकवले, आणि तिची बोटं हळूहळू गुलाबी झाली.

"बघ," ब्रोना मागून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "शांत झाली गं. काय केलंस?"

हनोराने तोंड फिरवलं.

तेव्हापासून पोरीला रोज तिथे धरावं लागतं. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त वेळ. आणि काचेपासून उचलून घेताना हल्ली जरा ओढावं लागतं.