तिसरं माप

मऊ म्हणजे आराम, हे गिऱ्हाइकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. मोटरसायकलचे मागचे शॉकअप फार मऊ ठेवले, की दोघं बसल्यावर ते खड्ड्यात पार तळाला आपटतात आणि मागचा माणूस चेंडूसारखा उडतो. म्हणून मी तीन मापं घेतो. गाडी रिकामी, चालवणारा बसल्यावर, आणि मागे दुसरं माणूस बसल्यावर. मग स्प्रिंगची कॉलर पान्याने फिरवून योग्य खाचेवर ठेवतो. खाचा पाच, पहिली सगळ्यात मऊ. एकट्याला दुसरी पुरते, दोघांना चौथी लागते. तिसरं माप घेतल्याशिवाय माझ्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडत नाही.

एकदा पडली. दादाची.

वहिनीची कंबर दुखायची. कायम मलमाचा वास यायचा तिला. "भाऊजी, जगाच्या गाड्या लोण्यासारख्या करता आणि घरच्या माणसाच्या हाडांचा मात्र खुळखुळा," असं ती चिडवायची. मागे बसली की दादाला मोठ्याने "बसले हं!" असं सांगायची, जसं काही त्याला कळणारच नव्हतं. तिच्यासाठीच मी त्याच्या गाडीचे शॉकअप खोलून तेल बदललं. त्या दिवशी कामाचा ढीग होता आणि ती सोबत आली नव्हती. तिची वाट बघत कोण थांबणार? दादाला एकट्याला बसवून माप घेतलं, कॉलर पहिल्या खाचेवर टाकली आणि म्हटलं, "जा, वहिनीला सांग, पाळण्यात बसल्यासारखं वाटेल."

दोन दिवसांनी पुलाच्या उतारावर एका खड्ड्यात ती मागच्या मागे उडाली. परत उठली नाही.

मोडकी गाडी माझ्याकडेच आणून टाकली. विम्याचा माणूस तपासायला यायच्या आधी मी पाना घेतला आणि कॉलर चौथ्या खाचेवर नेली. टक, टक, टक. तीन आवाज, बस्स. त्याने लिहिलं, गाडीत दोष नाही, वेग जास्त. नातेवाइकांनी दादाच्या तोंडावर विचारलं, सावकाश चालवायला काय झालं होतं? मीही मान डोलावली. माझ्यासारखा नालायक शोधून सापडायचा नाही.

दादाला ते खरंच वाटलं. बायकोला आपणच मारलं, असं धरून तो जगत राहिला. अकरा महिने कुणाशी धड बोलला नाही. मग एका रविवारी सकाळी मी शटर वर करतो न करतो तोच तो दारात, मीच दुरुस्त करून दिलेल्या त्याच गाडीवर.

"मागचे शॉकअप बदल. चांगले टाक. मागे बसणाऱ्याला हादरा बसायला नको."

"मागे कोण बसतं आता?" माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली.

तो पार टाकीला चिकटून बसला होता, मागे एका माणसाची जागा सोडून.

मी गॅसचे नवे शॉकअप बसवले. यांच्या दांड्यावर एक बारीक रबर असतं. शॉकअप दबला की ते सरकतं आणि तिथेच राहतं, त्यावरून माप कळतं. कॉलर दुसऱ्या खाचेवर ठेवून दादाला बसवलं. पंचवीस मिलिमीटर यायला हवं होतं. चाळीस आलं. चाळीस हे दोघांचं माप.

स्प्रिंग खराब असेल म्हणून मी स्वतः बसून पाहिलं. पंचवीस. दादा माझ्याहून हलका, शर्ट नुसता खांद्यावर लटकत होता त्याच्या. तो परत बसला. चाळीस. टायरची हवा बघितली, फरशीला ढाळ आहे का तेही बघितलं.

"खिशात काय आहे तुझ्या?"

"रुमाल."

मी वैतागलो. कॉलर चौथ्या खाचेवर नेली आणि हात धुवायला गेलो. येऊन बघतो तर पहिल्यावर. दादाचे दोन्ही हात टाकीवर होते आणि पाना माझ्या मागच्या खिशात. मी परत चौथीवर आणली आणि या वेळी तिथेच उकिडवा बसून राहिलो. ऑइल आणि पेट्रोलच्या वासाची मला वीस वर्षांची सवय. त्यातून मलमाचा वास आला.

टक, टक, टक.

कॉलर फिरताना दिसली नाही. पहिल्या खाचेवर होती, एवढंच दिसलं.

"त्या दिवशी कितव्या खाचेवर होती रे?" दादाने विचारलं. मान वळवली नाही, आवाजही चढवला नाही.

सांगून टाकावं, असं अगदी ओठांपर्यंत आलं. एका शब्दाचं काम. पहिल्या. माझा भाऊ त्या एका शब्दाने सुटला असता.

"चौथ्या," मी म्हणालो.

दादा गाडीवरून उतरला. किल्ली बाकावर ठेवली.

"ती म्हणालीच होती, तू चौथी सांगशील."

"दादा, गाडी?"

"राहू दे तुझ्याकडेच. मी जातो चालत."

तो गेला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याची पाठ ताठ दिसली.

गाडी दारात तिरकी उभी होती, आत घ्यायला हवी होती. मी तिच्यावर बसलो. गाडी दबली, नेहमीइतकीच.

मग थोडं थांबून, पुन्हा दबली.

सवयीने मी वाट बघत राहिलो, "बसले हं" ऐकू येईल म्हणून. आलं नाही.

मी घाईघाईने उतरलो. रबर बघायची गरजच पडली नाही. गाडी अर्धीच वर आली होती.