साईचं पांघरूण

“हळू टाक गं पाऊल, पिंपामधी निजे तान्हं,
साईचं त्याला पांघरूण, अंधाराचं त्याला न्हाणं…”

आईचा तो आवाज विझून वर्षे लोटली होती. पण ज्युराच्या डोंगरात मोंरोशच्या किल्ल्याला वेढा पडला असताना, त्या धुकट पहाटे तळघराच्या पायऱ्या उतरताना, गडावरची मद्याची पिंपे सांभाळणाऱ्या क्लोदीनला तो पुन्हा ऐकू आला. तटाखालच्या उतारावर कुऱ्हाडी चालत होत्या. शत्रू साव्हान्यें द्राक्षांचे पणजोबांच्या वेळचे वेल तोडत होता, आणि घावागणिक तटावरची शिबंदी दात आवळत होती.

तळघरात किल्लेदार गिल्बेर उभे होते. मद्याचे पिंप सरकवून त्याआडच्या चोरदिंडीचा अडसर कोणीतरी काढून ठेवला होता. पहारेकऱ्याच्या वेळीच ध्यानी आले नसते, तर उजाडताना गडावर परके निशाण फडकते. संशय साहजिकच भाडोत्री स्विस गोलंदाजावर, उर्सवर, गेला होता. त्याच्या गळ्यात दोर पडला होता.

“सरकार, मी पिंप सरकवलं असतं, तर आधी रिकामं नसतं केलं?” उर्स म्हणाला. कोणी हसले नाही.

“परक्याचा काय भरवसा, ताई,” क्लोदीनचा धाकटा भाऊ तिएबो पुटपुटला. “आटपू दे लवकर.”

क्लोदीन गुडघ्यावर बसली. गेल्या सुगीत तिएबोनेच भरलेले ते पिंप. त्यातले मद्य सहा-सात वर्षे निजवायचे, वरून थेंबही घालायचा नाही. ते आटत जाते, आणि त्याच्या अंगावर आपसूक पातळ साय धरते. पिंपाला धक्का लागला की साय फाटून बुडते आणि मद्य आंबते. मोंरोशमधल्या पोराटोरांनाही हे ठाऊक.

धुळीतली जुनी गोल खूण सांगत होती, पिंप हातभर सरकले आहे. तिने बूच काढून दिवा धरला. साय जशीच्या तशी. आणि पिंपाच्या बुडाला लोकरीचे धागे चिकटलेले. घोंगडीवर घेऊन, तान्ह्याला कुशीवर वळवावे तसे कोणीतरी ते ओढले होते.

किल्लेदारांनीही वाकून पाहिले. तेही द्राक्षमळ्यातलेच. त्यांचा चेहरा काळवंडला.

“ही तुमच्या मातोश्रींची रीत. ती जाणणारे आता दोघेच उरलात. बोला, क्लोदीनबाई, हात कोणाचे?”

बाहेर कुऱ्हाड पडली. पुन्हा पडली.

“माझे,” क्लोदीन म्हणाली.

“खोटं!” तिएबो ओरडला. “खोटं बोलतेय ती, सरकार! शत्रूचे लोक म्हणाले, दिंडी उघड, उरलेले वेल राखतो. मी वेलांसाठी… उर्सला सोडा. ताईला हात लावू नका.”

“आणि गडावरची माणसं, तिएबो?” किल्लेदारांनी विचारले.



उर्सच्या गळ्यातला दोर काढून तिएबोच्या गळ्यात घालण्यात आला. चोरदिंडी दगडचुन्याने चिणली गेली. बर्फ पडू लागले तसा शत्रू वेढा उठवून निघून गेला. मागे उरले ते काळे खुंट. वसंतात त्यांतल्या काहींना पालवी फुटली.

भावाचे नाव मात्र पुढची सहा वर्षे क्लोदीनच्या तोंडून कोणी ऐकले नाही.

पिंप पिकले त्या दिवशी सारा गड तळघरात जमला. पिवळ्याधमक मद्याला अक्रोडाचा वास सुटला होता. रिवाज असा, की ज्याने पिंप भरले त्याचे नाव घेतल्याविना पहिला पेला उचलायचा नाही. उर्स पेला धरून उभा होता. किल्लेदार मान खाली घालून.

क्लोदीनने पिंपावर हात ठेवला.

“तिएबोनं भरलं,” ती म्हणाली. “माझ्या भावानं.”