दोघींचं एक खातं

माझा धंदा कुलपांचा. लोखंडी नव्हेत, पासवर्डची. छोटी दुकानं, दवाखाने, दोन-चार माणसांची ऑफिसं यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. फायलींची दुसरी प्रत क्लाउडवर ठेवायची, व्हायरस काढायचे, काम सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं. यात घाबरण्यासारखं काही नाही. वीस वर्षांत मला धास्ती वाटली ती गिऱ्हाइकांच्या पासवर्डची, कारण निम्मे लोक स्वतःचा फोन नंबरच टाकून मोकळे होतात. म्हणून ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. तुम्ही विषय काढलात, म्हणून सांगतो.

एका बाईंचं बुटांचं दुकान होतं. साधे बूट नव्हेत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी एका तळव्याला उंची देऊन बूट करायचे, हे त्यांचं काम. सगळे त्यांना बूटवाल्या मावशी म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. त्यांच्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या हॉस्पिटलनं पत्र धाडलं होतं, की रुग्णांची माहिती ज्या खात्यात जाते ते खातं एकाच माणसाचं असलं पाहिजे, आणि गेलेल्या माणसांची खाती महिनाअखेर बंद झाली पाहिजेत. तसं झालं नाही तर रुग्ण येणार नाहीत. एवढ्यासाठी त्यांनी मला बोलावलं.

दुपारची वेळ होती. दुकानात चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा दर्प भरून राहिला होता. भिंतीशी लाकडी साचे ओळीनं लावलेले, पायांच्या आकाराचे, प्रत्येकावर कुणाचं तरी नाव. दाराला एक छोटी घंटा. कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे दोन खुर्च्या.

"हे खातं कुणाचं?" मी विचारलं.

"लेकीचं," मावशी म्हणाल्या. "ती असताना तीच बघायची. मलाही तिनं त्यातच लिहायला शिकवलं होतं. दोघींचं एकच. ती जाऊन चार वर्षं झाली. मग मी तेच चालू ठेवलं... मला दुसरं कुठं येतंय?"

लेक अपघातात गेली एवढं मला ऐकून माहीत होतं. मी मान खाली घालून कामाला लागलो. अशा वेळी माणसानं स्क्रीनकडे बघावं, ते बरं पडतं. मावशींच्या नावाचं नवं खातं उघडलं, पासवर्ड कागदावर लिहून ठेवायचा नाही हे तीनदा बजावलं, आणि त्यांनी माझ्यादेखत तो कागदावर लिहिला. लेकीचं खातं आठवडाभर उघडं ठेवणार होतो, सगळ्या फायली नीट इकडं येईपर्यंत.

निघताना त्या म्हणाल्या, "एक विचारू का? नव्या खात्यात ती दुरुस्ती होईल ना आपोआप?"

"कसली दुरुस्ती?"

"अरे, मी गिऱ्हाइकासमोर बसून माप घेते. समोरच्याचा डावा तो माझ्या उजव्या हाताला. जन्म गेला या कामात, पण लिहिताना उलटंच लिहिते. पूर्वी लेक ते पालटायची. आता कॉम्प्युटरच पालटतो. लई हुशार यंत्र आहे ते."

मी हसलो. कॉम्प्युटर शब्द सुधारील, बेरीज करील; पण एखाद्याचा कोणता पाय आखूड आहे हे त्याला कोण सांगणार? ते कळायला माणूस चालताना बघावा लागतो. मी तसं म्हटल्यावर टेबल पुसणारा मावशींचा हात कापडावरच थांबला. "लेक तसंच करायची," त्या हळूच म्हणाल्या. "गिऱ्हाईक दाराकडे निघालं की पाठीमागून बघायची, कोणता पाय लचकतो ते. मग आकडे पालटायची."

ऑफिसात येऊन मी बदलांची नोंद उघडली. मावशींच्या मापांची शीट क्लाउडवर होती, आणि अशा शीटमध्ये कुणी, कधी, कोणत्या चौकटीत काय बदललं ते सगळं राहतं; दुसरं कुणी ती उघडून बसलं असेल, तर ते जिथं असेल तिथं त्याच्या नावाची रंगीत चौकटही दिसते. चार वर्षांत दीड हजारावर दुरुस्त्या होत्या. डावा-उजवा, डावा-उजवा. सगळ्या लेकीच्या नावानं. पण मावशीही त्याच नावानं लिहीत असल्यामुळे त्यातलं कुणाचं काय ते कळायला मार्ग नव्हता. मी स्वतःची समजूत घातली, की म्हातारी लिहिते, पुन्हा बघते, सुधारते आणि विसरून जाते. तरी खबरदारी म्हणून लेकीच्या खात्याचा पासवर्ड बदलला, ते जिथं जिथं उघडं होतं तिथून बाहेर काढलं आणि दुसरं कुलूप माझ्या फोनवर लावलं. आता माझ्या फोनवर आलेला आकडा टाकल्याशिवाय त्या खात्यात कुणी शिरू शकणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात गेलो. मावशी त्यांच्या नव्या खात्यातून काम करत होत्या. एक बाई आल्या होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. मावशींनी त्यांच्यासमोर स्टुलावर बसून माप घेतलं आणि येऊन आकडे लिहिले. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. बाई उठल्या आणि सावकाश दाराकडे निघाल्या. डावा पाय जरा ओढत होत्या.

तेवढ्यात शीटमध्ये एक हिरवी चौकट उमटली. वर लेकीचं नाव.

माझा फोन खिशात होता, गप्प. हिरवी चौकट त्या बाईंच्या ओळीवर आली आणि तिथं थांबून राहिली. दाराची घंटा वाजली, बाई बाहेर पडल्या, आणि दोन्ही आकडे आपापली जागा बदलून बसले. मावशींचे दोन्ही हात मांडीवर होते. माझेही. खोलीत सोल्युशनचा दर्प होता, त्यात आता खोबरेल तेलाचा वास मिसळला होता, नुकतीच वेणी घातल्यासारखा...

"तीच आहे... ना?" मावशींनी विचारलं.

मी खिशातून फोन काढून बघितला. कसलाही आकडा आलेला नव्हता. मावशी मात्र घाबरल्या नव्हत्या. त्या रडत होत्या, आवाज न करता, आणि त्या हिरव्या चौकटीवरून नजर काढत नव्हत्या.

मग त्यांनी मला अपघाताची हकीगत सांगितली. एका सुताराचे बूट उलटे झाले होते. उंची उजव्या पायाला द्यायची, ती डाव्याला दिली गेली होती. तो माणूस पहिल्याच दिवशी पडला. बूट परत आणायला लेक स्कूटरवरून निघाली आणि वळणावर ट्रकखाली आली. "माझं उलटं लिहिणं नडलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना मी हेच सांगितलंय. चूक माझी."

त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्या सुताराची ओळ शोधून काढली. शोधायला नको होती. पण एकच खातं वापरलं की दोष कुणाचा ते कळत नाही, हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं ऐकवतोय, आणि इथं एक आई चार वर्षं त्याच दोषाखाली चिरडली जात होती. निदान खरं काय ते बघावं, असं वाटलं.

नोंदीत दोन वेळा होत्या. दुपारी बारा वाजता लिहिलेलं माप बरोबर होतं, उंची उजव्या पायाला. आणि संध्याकाळी कुणीतरी ते पालटलं होतं. मावशी पालटत नसत, पालटायची ती लेक. आईनं नेहमीप्रमाणे उलटं लिहिलं असणार असं धरून तिनं सवयीनं आकडे फिरवले होते, आणि नेमकं त्या एकाच खेपेला आईचं बरोबर होतं.

मी ते बघत असतानाच ओळीच्या टोकाला हिरवी चौकट उमटली. तो शेऱ्याचा रकाना होता, रिकामा. त्यात अक्षरं येऊ लागली, एकेक, थांबत थांबत, अडखळल्यासारखी.

आईला सांगू नका.

ऑफिसात तीन माणसं होती, पंखा चालू होता, बाहेर ऊन होतं. मी कॉम्प्युटर तसाच सोडून जिन्यात जाऊन उभा राहिलो. माझी स्वतःची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. मी तिला फोन केला, काही काम नसताना, आणि तिचा आवाज ऐकून ठेवून दिला.

महिनाअखेरीस मी खातं बंद करायला गेलो. काही न सांगण्याचं ठरवून गेलो होतो. मावशींनी दुकान आतून लावून घेतलं आणि लेकीच्या खुर्चीवर मला न बसवता स्वतःजवळ स्टूल ओढून दिलं.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटल म्हणतं म्हणून नव्हे. चार वर्षं पोरगी माझ्या चुका निस्तरतेय. मेल्यावरही तिला कामाला जुंपलंय मी. आता तिला बसू दे निवांत. मी गिऱ्हाइकाला पालथं झोपवून माप घेईन, म्हणजे उलटं व्हायचंच नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या आधी सुताराचं पान काढ."

"मावशी, राहू द्या..."

"काढ रे."

मी काढलं. शेऱ्याचा रकाना आता रिकामा होता. मावशींनी चष्मा लावला, नोंदीतल्या दोन्ही वेळा बोट लावून वाचल्या. मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?" मी विचारलं.

"त्याच्या गुडघ्याला वाक नव्हता. म्हणून मी त्याला पालथं झोपवलं होतं. त्या दिवशी माझा उजवा तोच त्याचा उजवा होता. लेक बँकेत गेली होती, तिनं त्याला चालताना बघितलंच नाही. मी बूट केले ते तिनं तपासून दिलेल्या कागदावरून. बूट परत आणायचा निरोप आला तेव्हाच माझ्या ध्यानात आलं सगळं. ती हसली, म्हणाली, आई, पुन्हा उलटं लिहिलंस ना. मी म्हटलं, हो गं, माझंच चुकलं. हेल्मेट घालत होती, उगाच तिचं मन कशाला दुखवा..." त्यांनी चष्मा काढला. "नाही म्हणाले असते, तर वाद झाला असता. पाच मिनिटं गेली असती त्यात. तो ट्रक निघून गेला असता."

हिरवी चौकट त्या ओळीवर उभी होती. कधी आली ते मी पाहिलं नव्हतं. मावशींनी पाहिली, आणि आवाज एकदम हलका केला. "ही नोंद माझ्या नावावर करता येईल का रे? तेवढी एकच. तिला कळायला नको."

"नाही येत, मावशी," मी म्हणालो. "जुनी नोंद कुणालाच बदलता येत नाही. मलाही नाही."

त्यांनी स्क्रीनवर हात ठेवला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग मला मान हलवून खूण केली. मी खातं बंद केलं. हिरवी चौकट विझली. मावशी मोकळेपणानं रडल्या.

त्यानंतर दुरुस्ती झाली नाही, गरजही पडली नाही. मावशी आता प्रत्येकाला पालथं झोपवतात आणि माप चुकत नाही. हॉस्पिटल खूष आहे.

पण काम पुरं झाल्यावर सगळं तपासून बघायची माझी पद्धत आहे. आठवड्यानंतर मी त्या शीटची नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. दीड हजार दुरुस्त्या, सगळ्या लेकीच्या नावानं, जशाच्या तशा. फक्त सुताराच्या ओळीवरचा संध्याकाळचा तो बदल मावशींच्या नावानं आहे. तारीख चार वर्षांपूर्वीची. मावशींचं खातं तेव्हा नव्हतंच, ते मी माझ्या हातानं पंधरा दिवसांपूर्वी उघडलं होतं.

मी मावशींना हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांना बरंच वाटेल, त्यांनी मागितलं ते त्यांना मिळालं. पण मला ते तीन शब्द आठवतात, आईला सांगू नका, आणि मग कळत नाही, की ती चूक आईनं मागून घेतली, की लेकीनं जाता जाता आईच्या नावावर टाकली.